गोळ्या डब्यातच का राहतात

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला जी गावं आहेत तिथे आम्ही बायकांसोबत आरोग्याची शिबिरं घेतो. नवीन कुणी मुलगी आमच्यात आली की मी तिला पहिलं हेच सांगते, सकाळी ११ ची वेळ ठेवूच नको. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया भाकरी बांधून कधीच्याच शेतात गेलेल्या असतात, समोर बसतात ते रिकामे बुवा आणि शाळा बुडवलेली पोरं. रात्री भांडी घासून झाली की मारुतीच्या ओट्यावर बसायचं, तेव्हा येतात, मांडीवर लेकरू घेऊन, आणि खरं बोलणं पुरुष मंडळी उठून गेल्यावरच सुरू होतं.

विषय बहुतेक वेळा रक्त कमी असण्याचाच निघतो. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, हा शब्द आता म्हाताऱ्या बायांनाही माहितीये. गरोदर बाईचं ११ च्या खाली नको, एरवी बाईचं १२ च्या खाली नको, हे आशाताईंनी सांगून सांगून पाठ झालंय. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. सगळं आहे, तरी रक्त काही वाढत नाही, कारण गोळ्या फडताळातल्या डब्यात पडून!

का, ते कुणी लवकर सांगत नाही. शेवटी एक काकू बोलल्या, "गोयी खादी का मयमय व्हस व ताई." म्हणजे गोळी खाल्ली की मळमळतं. मग मागून एक सूनबाई हळूच म्हणाली, संडासला काळं होतं, सासूबाई घाबरल्या आणि गोळ्या बंद. आता लोहाच्या गोळीने तसं होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण हे एक वाक्य गोळीच्या पाकिटासोबत कुणी दिलंच नव्हतं. भिंतीवर पोस्टर मात्र होतं, हसरी बाई आणि हातात पालकाची जुडी. त्या पोस्टरचा मला मनापासून राग आहे.

म्हणून आता मी सरळ गोळीवरच बोलते. रिकाम्या पोटी झेपत नसेल तर जेवणानंतर तासाभराने घे, नाहीतर झोपताना घे. लिंबूपाण्यासोबत घेतली तर उत्तमच. कॅल्शियमची गोळी हिच्यासोबत घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ दे. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत तेवढेच दिवस. एचबी ७ च्या खाली असेल तर गोळीवर थांबायचंच नाही, थेट दवाखाना. आणि हो, वर पाड्यांवर, भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असू शकतो, तिथे आधी रक्ताची तपासणी, नुसत्या लोहाने तो बरा होत नाही.

हे सगळं सांगताना सासवांना मुद्दाम पुढे बसवते, कारण गोळी चालू की बंद हे घरात त्याच ठरवतात. पहिली सासू पटली की अर्धं काम झालं, ती स्वतःच दुसरीला दटावते.

खरी भांडणं होतात चहावरून. गोळीच्या तासभर आधी आणि तासभर नंतर चहा नको, कारण चहाने लोह अंगाला नीट लागत नाही, असं म्हटलं की सगळ्या एकदम ओरडतात, मग आम्ही जगायचं कसं! त्यात शिबिर संपलं की सगळ्यांना चहा पाजायचा ही गावचीच पद्धत. आता त्या जागी लिंबू सरबत असतं, बाया पितात बिचाऱ्या, पण पाराखालचे एक बाबा दर वेळी ग्लास हातात घेऊन विचारतात, गोळ्या बाईला आणि चहा माझा का बंद?