खरा हायड्रोजन कधी काढणार?

धातू घातलेल्या बोरॉन क्लस्टरांची, म्हणजे मोजक्या अणूंच्या पुंजक्यांची, संगणकावर गणिते करण्यात इतकी वर्षे घालवूनही हायड्रोजनचा एक बुडबुडासुद्धा दाखवता येत नाही, मग हे संशोधन कसले, हा प्रश्न मला घरच्या समारंभांपासून मुलाखतींपर्यंत सगळीकडे ऐकावा लागला आहे. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा नीट लिहिते.

बुडबुडा नाही, हे खरे आहे. परंतु पाण्यातून हायड्रोजन काढायला उत्प्रेरक म्हणून वापरतात त्या प्लॅटिनमला स्वस्त पर्याय शोधताना कोणता धातू बोरॉनच्या किती अणूंमध्ये कुठे बसवायचा याच्या शेकडो शक्यता निघतात, आणि त्या सगळ्या प्रयोगशाळेत करून पाहणे कोणालाच परवडणारे नाही. शिवाय २०१४ मध्ये मधोमध षट्कोनी भोक असलेला ३६ अणूंचा बोरॉन क्लस्टर ओळखला गेला, तो मोजलेला वर्णपट गणिताने काढलेल्या वर्णपटाशी ताडूनच. तेव्हा ‘नुसते संगणकावरचे’ हे शब्द मला लागतात.

तरीही माझाच आकडा मला एकदा तोंडघशी पाडून गेला आहे. हायड्रोजन उत्प्रेरकाला फार घट्टही चिकटू नये आणि फार सैलही नाही, म्हणून चिकटण्याची मुक्त ऊर्जा शून्याजवळ हवी. प्लॅटिनमची साधारण उणे ०.०९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरतात. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी कोबाल्ट घातलेल्या एका क्लस्टरसाठी मला उणे ०.०४ मिळाले. रात्री दीड वाजता मी आईला उठवून ते सांगितले. शोधनिबंध पाठवला. परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती: इतर स्पिन अवस्था तपासल्या आहेत का? इनपुट फाईलमध्ये प्रभार आणि मल्टिप्लिसिटी (जोडीविना असलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक; स्पिन अवस्था यावरून ठरते) शेजारीशेजारी लिहितात. माझ्या फाईलमध्ये ‘० २’ होते, कारण इलेक्ट्रॉनांची संख्या विषम होती आणि डब्लेटच्या, म्हणजे दोनाच्या, पुढे पाहण्याचे मला सुचलेच नव्हते. मी दोनाच्या जागी चार लिहिले. दोन दिवसांनी उत्तर आले: हायड्रोजन नसलेला क्लस्टर क्वार्टेट, म्हणजे चारच्या, अवस्थेत ऊर्जेने ०.३१ ने खाली होता. म्हणजे मी मोजायला सुरुवात केली ती पायरीच चुकीची होती, आणि खरा आकडा अधिक ०.२७ होता. खोलीच्या तापमानाला ०.०६ चा फरकसुद्धा हायड्रोजन निघण्याचा वेग दहापटीने बदलू शकतो. निबंध मी मागे घेतला, आणि आईला कित्येक दिवस काहीच सांगितले नाही.

तेव्हाची मी म्हणत असे की चूक शेवटी गणितानेच पकडली, म्हणजे पद्धत खरी. आज मी तिला विचारते, ती एक ओळ आली नसती तर? आता मी प्रत्येक स्पिन अवस्था तपासते, तरी माझे क्लस्टर निर्वातात तरंगतात. इलेक्ट्रोडवर, पाण्यात, शेजारच्या क्लस्टरला चिकटून ते आपला आकार टिकवतील का, हे माझ्या तक्त्यात नाही.

सध्या निकेल घातलेला एक क्लस्टर हाताशी आहे. एक फंक्शनल, म्हणजे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढण्याचे अंदाजी सूत्र, त्याला उणे ०.०३ देते, दुसरे अधिक ०.१७. दोन्ही गणिते मी तीन वेळा तपासली आहेत, आणि तक्त्यात दोन्ही आकडे तसेच ठेवले आहेत.