किंचाळी आणि हुंदका

मी बालविकास तपासणी विभागात समुपदेशक आहे. मुलांच्या आकांडतांडवाबद्दल पालकांकडून रोज ऐकायला मिळते, पण ते प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घडणे विरळाच. त्या दिवशी ते साडेतीन वर्षांच्या एका मुलीच्या बाबतीत घडले.

निमित्त बिस्किटाचे. आजींनी पुड्यातून काढून दिलेले बिस्किट मोडके निघाले आणि दुसरे अख्खे पुढे करेपर्यंत तिने जमिनीवर लोळण घेतली. वडील "अगं, पण झालं काय?" असे पुन्हापुन्हा विचारत होते, आजी पिशवीत मोबाइल शोधत होत्या आणि दाराबाहेरची माणसे डोकावू लागली तसा वडिलांचा आवाज चढत गेला. मी दार लावले, तिचे डोके आपटू नये म्हणून टेबल सरकवले, आजींना मोबाइल आत ठेवायला सांगितले आणि वडिलांना म्हटले, "तिच्यापासून हातभर अंतरावर खाली बसा. काही विचारू नका. ‘मी इथंच आहे’ एवढंच म्हणा."

मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांच्या २००३ सालच्या अभ्यासानुसार अशा प्रसंगी राग सुरुवातीलाच शिगेला पोहोचून ओसरू लागतो, दुःख मात्र हळूहळू वाढत जाते. म्हणूनच मी अशा वेळी मुलाच्या आवाजाकडे कान देऊन असते. लाथा झाडत ती बराच वेळ किंचाळत राहिली. मग किंचाळी तुटक झाली, मध्येमध्ये हुंदके येऊ लागले. मी खूण केल्यावर वडिलांनी हात पुढे केले आणि ती सरपटत त्यांच्या मांडीवर गेली.

मग कळले की पहाटेच्या एस.टी.ने निघालेल्या या मुलीच्या पोटात चहा-पोळीखेरीज काही नव्हते आणि तिची झोपेची वेळही टळून गेली होती.

"मॅडम, असं गप्प बसलं तर तिला शिस्त कशी लागणार?" वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मारणारा हात धरायचाच, नाकारलेली वस्तू रडण्यापायी द्यायची नाही. मात्र समजावायचे ते ती शांत झाल्यावर, दोन वाक्यांत, हे मी त्यांना सांगितले. स्वतःला इजा करणे किंवा श्वास रोखून निळे पडणे दिसल्यास मात्र डॉक्टरांना लगेच दाखवायचे. घरी असे कधी होते, त्याआधी ती कधी जेवली आणि झोपली होती, हे वहीत लिहायला दिले.

पुढच्या भेटीत त्यांनी वही आणली. बहुतेक नोंदी संध्याकाळी उशिराच्या होत्या, म्हणून तिचे जेवण सातच्या आत करायचे ठरले.