पानाखालचा लाल कोळी आणि उन्हाळ्यातल्या शिंका

घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्यांना नागपुरात पावसाळा जड जातो. धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म कोळ्यांना हवेत ओल लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्यांची संख्या घटते. माझ्या त्रासाचं वेळापत्रक याच्या बरोबर उलटं होतं. मार्च सरता सरता शिंका, नवतप्यात डोळे लाल आणि नाक गळतं, मनगटांवर खाज, आणि मृगाच्या चार चांगल्या सरी पडल्या की आराम. माझा त्रास धुळीतल्या नव्हे, पानांवरच्या लाल कोळ्याचा असावा, याचा हा उलटा हंगाम हाच पहिला धागा ठरला.

पण तेवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. इथे उन्हाळ्याच्या तोंडाशी वावळ फुलते, पाठोपाठ कडुनिंब, आणि दोघांचेही परागकण हवेत असतात. म्हणून तीन आठवडे वहीत चारच गोष्टी लिहिल्या: वेळ, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय केलं, कोणता त्रास झाला, तो किती वेळ टिकला. परागकणांचा त्रास रस्त्यावर, गाडीवर, वाऱ्याच्या दिवशी कुठेही होतो. माझ्या नोंदींत मात्र एकच चित्र पुन्हा पुन्हा आलं. गच्चीवरच्या वांगी, गुलाब आणि चवळीच्या कुंड्यांतली वाळकी पानं काढली की दहा-वीस मिनिटांत शिंका. नुसतं पाणी घातलं, पानांना हात लावला नाही, तर काही नाही.

पानांवरचा लाल कोळी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. तो कीटक नाही, कोळी आणि विंचवांच्या कुळातला आठ पायांचा जीव आहे. माणसाला तो चावत नाही, रक्त पीत नाही; पानाच्या पेशींतला रस शोषतो. अ‍ॅलर्जी होते ती त्याच्या शरीरातल्या आणि विष्ठेतल्या प्रथिनांची. मेलेले कोळी, टाकलेल्या कातीचे तुकडे, जाळ्याचे धागे, हे सगळं वाळून पानाखाली साचतं आणि पान हललं की उडतं. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर संत्रावर्गीय फळांच्या बागांत काम करणाऱ्यांमध्ये लाल कोळ्यामुळे होणारा दमा आणि नाकाची अ‍ॅलर्जी नोंदवली गेली आहे. हरितगृहांत काम करणाऱ्यांमध्येही ती आढळते. संत्र्याच्या मुलखात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

झाडावर कोळी आहे की नाही हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. पानाच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे बारीक पिवळट-पांढरे ठिपके दिसू लागले की पांढरा कागद पानाखाली धरायचा आणि पानावर तीन-चार टिचक्या मारायच्या. कागदावर पडलेले ठिपके मिनिटभर बघायचे. धूळ हलत नाही, कोळी सावकाश चालतो. फुलकिडे लांबुळके असतात आणि चटकन पळतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं तर पानाच्या शिरेजवळची गोल, मोत्यासारखी अंडीही दिसतात. ही तपासणी मास्क लावूनच करावी, कारण टिचकी मारताना चेहरा नेमका पानाजवळ जातो. जाळी दिसेपर्यंत थांबू नये. जाळी दिसते तेव्हा संख्या हाताबाहेर गेलेली असते.

डॉक्टरांकडे ती वही घेऊन गेले. रक्तातलं एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) किंवा इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेलं असलं तर अ‍ॅलर्जीचा कल असू शकतो एवढंच कळतं, कशाची ते कळत नाही. त्यासाठी त्वचेवरची प्रिक टेस्ट असते. हाताच्या आतल्या बाजूला संशयित गोष्टींच्या अर्काचे थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी तिथे उठलेली गांधी, म्हणजे त्वचेवरचा फुगवटा, मोजतात. नुसत्या द्रावणाच्या थेंबापेक्षा 3 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी आली तर चाचणी सकारात्मक. सेटिरिझिनसारख्या गोळ्या त्याआधी साधारण आठवडाभर बंद लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही. त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांनाच विचारावं. मुख्य अडचण पुढे येते. नेहमीच्या संचात घरातल्या धुळीतले कोळी असतात, पानांवरचे बहुधा नसतात. त्यामुळे 'कोळ्याची चाचणी नकारात्मक' असा अहवाल आला तरी पानावरच्या कोळ्याची शंका मिटत नाही. कोणते अर्क वापरले ते अहवालावर वाचून विचारायचं. स्वतःच्या झाडावरचे कोळी कातडीवर चोळून घरी प्रयोग करू नये. तीव्र प्रतिक्रिया आली तर ती सावरायची सोय घरात नसते.

औषधात डॉक्टरांनी नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दिला. तो कुचकामी वाटतो, कारण मारायची पद्धत चुकते. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचा, म्हणजे स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न राहता बाहेरच्या बाजूला राहतं. पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे जातात. चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र तीन-पाच दिवसांपलीकडे वापरले की नाक जास्तच चोंदतं. छातीत घरघर, रात्री खोकला किंवा धाप असेल तर हे नुसतं नाकाचं प्रकरण नाही. त्या माणसाने बागेतलं काम थांबवून आधी दम्याची तपासणी करून घ्यावी.

आता कूलर. आपल्याकडे कूलर खिडकीला बाहेरून बसवतात आणि त्याच्या पाण्याचा गारवा मिळतो म्हणून त्याच्याच आजूबाजूला कुंड्या मांडतात. कूलर तीन बाजूंनी हवा ओढतो. ओल्या ताट्या बरीच धूळ अडवतात, पण सगळी नाही, आणि ताट्या कोरड्या असताना नुसता पंखा चालवला तर काहीच अडत नाही. म्हणजे पानाखालचा चुरा रात्रभर थेट पलंगावर. माझ्या मते नागपूरच्या घरात करायचा सगळ्यात मोलाचा बदल हाच: कोळी पडणारी झाडं कूलरपासून आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून दहा फूट तरी लांब. मी कुंड्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेल्या आणि सकाळी उठल्या उठल्या येणाऱ्या शिंका आठवड्यात निम्म्यावर आल्या.

दुसरा नियम, आधी भिजवायचं आणि मगच हात लावायचा. सकाळी सात वाजायच्या आत नळीने पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोर मारायचा, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग छाटणी करायची. धार मारतानाही वाऱ्याकडे पाठ हवी. दुपारी हे करू नये. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मेमध्ये इतकं तापतं की कोवळी पानं भाजतात. छाटलेल्या फांद्या ओल्या असतानाच पिशवीत भरून तोंड बांधायचं. त्या कोपऱ्यात वाळत टाकल्या तर पुढचे आठ दिवस तोच चुरा उडत राहतो. खराट्याने कोरडं झाडणंही बंद.

पाण्याने कोळी पडतात, अंडी चिकटून राहतात. तिशीच्या तापमानात ती तीनेक दिवसांत फुटतात आणि आठ-दहा दिवसांत पुढची पिढी तयार. त्यात मादीच्या न फळलेल्या अंड्यांतून नर निपजतात, त्यामुळे एक मादी उरली तरी वसाहत पुन्हा उभी राहते. म्हणून एकदाच फवारून उपयोग नाही. पाच दिवसांच्या अंतराने चार वेळा. एक लिटर पाण्याला 5 मिलि निंबोळी तेल आणि 1 ते 2 मिलि द्रव साबण. आधी साबण थोड्या कोमट पाण्यात, त्यात तेल घालून दुधासारखं होईपर्यंत हलवायचं, मग उरलेलं पाणी. थेट पाण्यात तेल टाकलं तर ते वर तरंगतं, अर्ध्या झाडाला नुसतं पाणी मिळतं आणि शेवटच्या कुंडीची पानं जळतात. द्रावण त्याच दिवशी संपवायचं, फवारणी सूर्य मावळल्यावर, आणि आधी एका पानावर मारून दोन दिवस बघायचं.

पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात चालतं, पण तापमान 32 अंशांच्या वर असताना ते पानं करपवतं, म्हणजे इथे एप्रिलपासून ते बादच. तेलाच्या फवारणीनंतर दोन-तीन आठवडे तर गंधक नकोच. दमेकऱ्याला त्याची भुकटी सोसत नाही, हे वेगळं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'कीड दिसली, मार औषध' या सवयीने. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी कीटकनाशकं कोळ्याला खाणारे बारीक काळे ढालकिडे आणि शिकारी कोळी आधी मारतात. लाल कोळी बराचसा वाचतो आणि दोन आठवड्यांत दुपटीने दिसतो. जुन्या डब्यातलं डायकोफॉल हे कोळीनाशक कुणी देऊ केलं तर घेऊ नये. 2023 मध्ये देशात त्यावर बंदी आली.

अंगावर काय घालावं? नाकावर घट्ट बसणारा एन-95 मास्क, बाजूंनी बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मनगटापर्यंत रबरी हातमोजे. दुपट्टा तोंडाला बांधून ऊन अडतं, हा चुरा अडत नाही. काम संपलं की कपडे थेट बादलीत, डोक्यावरून अंघोळ, आणि मग मिठाच्या पाण्याने नाक धुणं: उकळून कोमट केलेल्या 250 मिलि पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ, तेही आयोडीन नसलेलं. नळाचं न उकळलेलं पाणी नाकात घालू नये.

कोरडी, धुळकट झाडं कोळ्याला आवडतात. रस्त्याकडेच्या किंवा शेजारी बांधकाम चालू असलेल्या गच्चीवर म्हणूनच आठवड्यातून दोनदा पानं धुवावी लागतात. वांगी, भेंडी, चवळी आणि गुलाब मार्च ते जून मी कमी ठेवते. वांग्याची रोपं आता जुलैत लावते. नर्सरीतून आणलेलं रोप पंधरा दिवस इतर कुंड्यांपासून वेगळं, जिन्याच्या टोकाशी, आणि पाचव्या, दहाव्या व पंधराव्या दिवशी पांढऱ्या कागदावर टिचकी.