तळघरातली बिनलेबलची काठी

आमच्या धंद्यात 'दुर्मीळ' असं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, सगळी गडबड तिथंच होते.

मिशिगनमध्ये इस्टेट सेल लावणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. घरातलं माणूस गेलं, किंवा वृद्धाश्रमात राहायला निघालं, की मुलं हवं ते उचलतात आणि उरलेल्या अख्ख्या घराला आम्ही किमतीच्या चिठ्ठ्या लावतो. शुक्रवारी पूर्ण भाव, शनिवारी थोडा कमी, रविवारी निम्मा. शुक्रवारी पहाटे अंधारात नंबराच्या चिठ्ठ्या घेऊन उभे असतात ते शेजारी नसतात, व्यापारी असतात. फोटोतल्या कपाटाच्या कोपऱ्यात काय डोकावतंय हे त्यांना आमच्याआधी कळलेलं असतं. एखादी वस्तू खास वाटली तर ती बाजूला काढून ऑनलाइन लिलावात टाकायची, त्याला दहा दिवस बोली. बाकी सगळं तीन दिवसांत घराबाहेर.

'खेळ आणि छंद' हा विभाग माझ्या गळ्यात पडला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. इथल्या निम्म्या तळघरांत माशाचे रॉड असतात. मी मिरजेची. मासे खाल्लेत भरपूर, धरला एकही नाही. पण वस्तू बघता बघता नाद लागला, आणि लागला तोही नेमका ज्यांना भाव नाही अशांचा: फायबरग्लासच्या जुन्या फ्लाय रॉडचा, म्हणजे नकली माशी फेकून मासे धरायच्या काठीचा. बांबूच्या रॉडला म्हातारे जपतात, ग्राफाइटचे तरुण विकत घेतात, मधले काचेचे कोपऱ्यात छत्र्यांबरोबर उभे.

हे घर कॅलमझूमधलं. मासेमारीचं सामान बनवणारी शेक्सपिअर कंपनी याच गावची. मालकाचं नाव खरोखरच विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर, 1897 साली धंदा सुरू केला, पुस्तकांशी काही संबंध नाही. घरातले आजोबा त्या कारखान्यात होते. मुलानं पहिल्याच भेटीत मला तळघरात नेलं, छताच्या तुळईला टांगलेल्या रॉडांपैकी एक काढून हातात दिला आणि म्हणाला, "हा जगातला पहिला काचेचा रॉड. बाबांनी घरी आणला होता." रॉडवर अक्षर नाही, लेबल नाही. मूठ बुचाची, घामानं काळी पडलेली. बुंध्यावर काळ्या शाईनं फक्त 6 लिहिलेलं.

मुलाच्या बोलण्याला आधार नव्हता असं नाही. टोलिडोच्या एका प्लॅस्टिक कंपनीतले संशोधक डॉ. आर्थर हॉवाल्ड मिशिगनमध्ये मासे धरायला आले असताना त्यांच्या बांबूच्या रॉडचा शेंडा मोडला. दुसऱ्या महायुद्धामुळे चांगला बांबू मिळेना. त्यांच्या प्रयोगशाळेत काचेचे धागे आणि रेझिन पडलेलं होतंच. त्यातून त्यांनी नवा शेंडा बनवला. ती पद्धत शेक्सपिअरनं घेतली आणि 1947 च्या सुमाराला 'वंडररॉड' बाजारात आला. पुढे 1950 नंतर अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला, रॉडसाठी लागणारा तिथला टोंकिन बांबू येईनासा झाला आणि काचेला रान मोकळं मिळालं. तेव्हा याच गावात, याच कारखान्यातल्या माणसाच्या घरी सुरुवातीचा एखादा रॉड असणं अगदी शक्य. पण शक्य असणं वेगळं आणि चिठ्ठीवर लिहिणं वेगळं.

तुळईवरचे बाकीचे रॉड तासाभरात ओळखता आले. पांढरेशुभ्र दोन वंडररॉड, अंगावर बारीक पीळ दिसणारे. ते लांबूनही ओळखू येतात आणि मिळतात ढिगानं. पिवळाधमक ईगल क्लॉ, डेन्व्हरच्या राइट अँड मॅकगिलचा. तसा रॉड आजही नवा मिळतो. सिअर्सच्या दुकानातला, बेसबॉलपटू टेड विल्यम्सच्या सहीचा एक. आणि गडद तपकिरी फेनविक, त्यात दोन तुकडे जोडायला धातूची नळी, म्हणजे फेरूल, नाही. काचेतच काच बसते. फेनविकचा हा जोड निघाल्यावर काचेचा रॉड सलग वाकायला लागला, नाहीतर मधोमध धातूचा ताठ सांधा असायचा. यातल्या एका रॉडवर HDH अशी अक्षरं होती. ती मालकाची आद्याक्षरं नव्हेत. 1960 च्या सुमारापर्यंत दोरीची जाडी अक्षरांत सांगत: H म्हणजे इंचाच्या हजार भागांतले पंचवीस, D म्हणजे पंचेचाळीस, म्हणून HDH दोरी दोन्ही टोकांना बारीक, मध्ये जाड. मग आकडे आले आणि जाडीऐवजी वजन मोजायला लागले. आजचा 6 म्हणजे दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन 160 ग्रेन, साधारण दहा ग्रॅम. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला वजन नसतं, पिसं बांधलेली नुसती माशी असते. फेकायची असते ती दोरी, म्हणून रॉडचा सगळा हिशेब दोरीवर. अक्षरं असली तर रॉड जुना, आकडा असला तर नंतरचा, दोन्ही असली तर मधल्या काळातला. असंच रॉड ठेवायच्या नळकांड्यावरच्या पत्त्याचं: झिप कोड, म्हणजे इथला पिन कोड, असेल तर 1963 च्या आधीचं नाही.

त्या हिशेबानं बिनलेबलच्या रॉडवरचा 6 मुलाच्या विरोधात जात होता. दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांपैकी मुठीजवळच्या मोठ्या कडीत राखाडी सिरॅमिकची रिंग होती, तशा रिंगा सहसा सत्तरच्या दशकापासूनच्या. आमच्या फोटो काढणाऱ्या मुलानं तेवढ्यावर निकाल दिला: "सत्तरचा आहे, घरी बांधलेला, वीस डॉलर." तो हुशार आहे, पण त्याला वस्तू फोनच्या पडद्यावर दिसते तेवढीच दिसते. शाई नंतर लागते, कड्या नंतर बदलता येतात. काठी बदलता येत नाही.

म्हणून काठीकडे बघितलं. नेहमीचा काचेचा रॉड असा बनतो: रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून सेलोफेनची पट्टी घट्ट आवळतात, भट्टीत भाजतात आणि सळई ओढून काढतात. आत पोकळी राहते. अंगावर कापडाची वीण दिसते, पट्टीच्या कडांचे वळ बोटाला लागतात. या रॉडवर वीण नव्हती. भिंगातून बघितलं तर धागे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळ, एकमेकांना समांतर. नखानं टिचकी मारली तर पोकळ काचेचा टणक आवाज येईना. मिरजेत सतारमेकर गल्लीत भोपळ्यावर टिचक्या मारून तो वाजणार की नाही हे सांगणारे कारागीर मी लहानपणापासून बघितलेत, त्यामुळे टिचकीवर माझा विश्वास आहे. हा आवाज भरलेला होता.

सुरुवातीच्या वंडररॉडमध्ये गाभा बाल्सा या हलक्या, मऊ लाकडाचा असे आणि त्याभोवती काचेचे धागे लांबीच्या दिशेनं लावलेले असत. बुंध्याचं टोपण सैल होतं, काढलं, आत लाकूड दिसलं. मुलगा आनंदानं ओरडलाच. पण ते लाकूड काही सिद्ध करत नाही, कारण रील बसवायच्या जागेखाली भर म्हणून लाकडाचा तुकडा घालायची पद्धत सगळ्यांचीच. शेंड्याच्या तुकड्याचं फेरूल मात्र जुनं गोंद सुकून डुगडुगत होतं. ते हलक्या हातानं फिरवलं आणि निघून आलं. आत काठीचं उघडं टोक: बाहेर काचेचं पातळ कडं, मध्ये साईच्या रंगाचं लाकूड. नखाचं टोक टेकवलं तर खूण उमटली. बाल्साच. टोकाला भर घालणं कुठंही शक्य आहे, पण कडं आणि गाभा यांच्यात कुठं गोंदाची रेघ नव्हती; काच लाकडावरच जमलेली होती. त्या क्षणी मला काय वाटलं ते आमच्या ऑफिसात कुणालाही सांगून उपयोग नव्हता, म्हणून इथं सांगते: हात थोडे थरथरले.

मागच्या अंगणात रॉड जोडून, फेरूलला तात्पुरती चिकटपट्टी लावून, 6 ची दोरी हळूच टाकून बघितली. आजच्या ग्राफाइटच्या सवयीनं घाई केली तर दोरी पायाशी पडते. मागे नेली की थांबायचं, काठी मुठीपर्यंत वाकून घेते, मग पुढे. आजोबांनी 6 का लिहिलं ते तेव्हा कळलं. त्यांनी नव्या पद्धतीची दोरी लावून बघितली असणार आणि जमलेला आकडा लिहून ठेवला असणार.

म्हणजे काठी सुरुवातीच्या काळातली, साज नंतरचा. कुणी केला? कड्या बांधलेला दोरा रॉडचा नव्हता. रॉडला रेशीम किंवा बारीक नायलॉन वापरतात, हा कापसाचा शिवणाचा दोरा, वॉर्निशखाली त्याची लव दिसत होती. वर स्वयंपाकघरात आजी चहा घेत बसल्या होत्या. त्यांना दोरा दाखवला. "माझ्या शिवणाच्या डब्यातला," त्या म्हणाल्या. "दर हिवाळ्यात या टेबलावर काहीतरी बांधत बसायचे. विचारून कधी घेतला नाही." मी विचारलं, काढलेल्या जुन्या कड्यांचं काय करायचे? "कॉफीच्या डब्यात. ते काहीही टाकत नसत."

कॉफीचा डबा तळघरातल्या कामाच्या बाकावर होता. होता म्हणजे मी यायच्या आधी होता. आमची मांडणी करणारी मंडळी खोलीवार काम करतात: बाकावरचं सगळं 'हार्डवेअर', तुळईवरचं सगळं 'खेळ'. आदल्या दिवशी व्यापाऱ्यांसाठी जी खास वेळ असते त्यात स्क्रू, वायसर आणि कड्यांनी भरलेला तो डबा पाच डॉलरला गेला होता. यावर मी ऑफिसात बोलले तर उत्तर आलं, "लोखंडी सामान आहे ते." माणूस आयुष्यभर एका छंदाच्या वस्तू चार ठिकाणी ठेवतो आणि आम्ही त्या चार विभागांत फोडून त्यांची एकमेकींशी असलेली ओळख मोडतो. मग वर एकेकीचा पुरावा मागतो.

आमच्या कंपनीच्या मालकीणबाईंना ऑनलाइन मथळा हवा होता: 'पहिला फायबरग्लास फ्लाय रॉड, हॉवाल्ड यांचा मूळ नमुना'. मुलगा अर्थातच त्यांच्या बाजूनं. मी लिहिलं: 'लेबल नाही. बाल्सा गाभा, लांबीच्या दिशेचे धागे, सुरुवातीच्या वंडररॉडशी जुळणारी बांधणी. कड्या आणि बांधणीचा दोरा नंतरचे, घरी बदललेले. शेक्सपिअरच्या कामगाराच्या घरातून.' वाद झाला. बाईंचं म्हणणं, एवढ्या 'पण'मुळे बोली पडते. पडली असेलही. माझं म्हणणं, 'पहिला' म्हणायचं तर पहिल्याचा कागद लागतो, आणि तो या घरात तरी नव्हता. शेवटी माझाच मजकूर गेला, कारण लिलावाच्या साइटवर खोट्या वर्णनाबद्दल तक्रार आली की पैसे परत द्यावे लागतात. सत्यापेक्षा परताव्याची भीती उपयोगी पडली.

रॉड दोनशेच्या आतच गेला, ओहायोतल्या एका माणसाकडे. त्यानं एकच प्रश्न पाठवला, तोही योग्य: मूळ कड्या कुठं आहेत?

हा प्रश्न मला सोडेना. डबा घेणारा व्यापारी ओळखीचा, दर सेलला पहिल्या पाचांत उभा असतो. त्याच्या गॅरेजमध्ये डबा तसाच होता. वर्तमानपत्रावर ओतला. स्क्रूंच्या गर्दीत वळणदार तारेच्या तीन छोट्या कड्या निघाल्या, मुलामा उडालेल्या. रॉड पाठवण्याआधी मी उन्हात त्याचे फोटो काढून मापं घेऊन ठेवली होती, कारण जुना दोरा जिथं होता तिथं काठीचा रंग फिका राहिलेला दिसत होता, आताच्या बांधणीपासून थोडा सरकलेला. त्या फिक्या पट्ट्यांतल्या तीन जागांना या कड्यांच्या पायांची लांबी बसली, लहानाला लहान आणि मोठ्याला मोठी.

यानं इतकंच ठरतं की या कड्या त्या काठीच्या. काठी कारखान्याच्या दारातून कोणत्या साली, विकत की तशीच बाहेर आली, हे यातून कळत नाही. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "म्हणजे पहिला असू शकतो ना?" असू शकतो, मी म्हटलं. नसूही शकतो.

व्यापाऱ्यानं तीन कड्यांचे माझ्याकडून दहा डॉलर घेतले, अख्ख्या डब्याचे पाच दिले होते तरी. त्या पाकिटात घालून ओहायोला पाठवल्या. खर्चाचा अर्ज भरला, तर कारणाच्या रकान्यात निवडायला 'हार्डवेअर' आणि 'खेळ' एवढेच पर्याय. दोन्ही निवडता येत नाहीत म्हणून अर्ज परत आला.