तुम्ही विचारलंत म्हणून: सेवेला जाणारे पर्यटक नीट कशामुळे वागतात?

स्वयंसेवी पर्यटनाचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, 'पदरचे पैसे घालून कासवं वाचवायला जाणारे लोक जागेला जपतात, ते मुळातच सज्जन असतात म्हणून ना?'

सज्जन असतात, नाही कशाला म्हणू? पण सज्जनपणामुळे माणूस घरातून निघतो, एवढंच. तिथे कसा वागेल, हे त्याला दिलेलं काम आणि शेजारचा काय करतोय यावर बरंचसं ठरतं. अमेरिकेतल्या एका हॉटेलात टॉवेलांचा प्रयोग झाला होता, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. 'पर्यावरण जपा' ही पाटी वाचून सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. 'याच खोलीत राहून गेलेल्या बहुतेकांनी वापरला' असं लिहिल्यावर आकडा ४९ वर गेला. माणसं तशीच, पाटी तेवढी बदलली.

कोस्टारिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर १९५० च्या दशकापासून हिरव्या कासवांचं काम चालू आहे. रात्रीच्या गस्तीला गडद कपडे घालायचे, पांढरा टॉर्च लावायचा नाही, लागलाच तर लाल उजेड. मादी खड्डा खणत असेपर्यंत लांबच थांबायचं. अंडी पडू लागली की मगच पुढे होऊन एकेक मोजायचं, आणि एका घरट्यात ती शंभराच्या आसपास भरतात. सगळे अंधारात दबकून बसलेले असताना फ्लॅश मारायची कुणाची छाती होईल?

आता उलट बाजू. कंबोडियात २००५ नंतरच्या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तिथल्या जवळजवळ चारांतल्या तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. युनिसेफच्या मदतीने झालेल्या २०११ च्या पाहणीत हे पुढे आलं. परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर यातले कितीतरी आश्रम चालत. तिथे जाणारेही सज्जनच होते हो! फक्त त्यांना कुणी अडवत नव्हतं. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीच्या कायद्याच्या निमित्ताने अशा आश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली.

म्हणून 'कुठे जाऊ?' असं विचारणाऱ्याला मी आधी संस्थेला फोन करायला सांगते. आम्ही परतल्यावर हे काम कोण करतं? गावातल्या किती जणांना पगार मिळतो? कमीत कमी किती दिवस राहावं लागेल? मुलांशी संबंध येणार असेल तर आमची पोलीस पडताळणी करता का? यावर 'काही काळजी करू नका, तारीख सांगा, जागा आहे' एवढंच उत्तर आलं, तर मी तरी तिथे पैसे भरणार नाही.