आधी सही, मग गाडी?

नव्या ट्रकचं बुकिंग, कर्ज, कागदपत्रं सगळं विनासायास झालं. गाडं अडलं ते ऐन ताबा घ्यायच्या दिवशी, डिलिव्हरीच्या टेबलावर.

समोर एक छापील कागद सरकवला. 'वाहन सुस्थितीत व सर्व साहित्यासह मिळाले.' खाली माझ्या सहीची जागा. म्हटलं, "गाडी बघतो, मग करतो सही." तर टेबलामागचे साहेब म्हणतात, "सहीशिवाय चावी देता येत नाही. पद्धतच आहे तशी." म्हणजे मिळाल्याचं आधी लिहून द्यायचं आणि काय मिळालं ते नंतर बघायचं! मी सरळ खुर्ची ओढून बसलो. मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत म्हणे. असू देत. बाहेर माझा ड्रायव्हर ताटकळत होता आणि माझं डोकं तापत होतं, पण पेनाला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने मॅनेजर आले, कागद बघितला आणि म्हणाले, "बघून घ्या ना, कोण अडवतंय?" टेबलामागचे साहेब कॉम्प्युटरकडे बघत बसले.

गाडी आणली तीही नुकती धुतलेली, पाणी निथळत होतं. ओल्या रंगावर ओरखडे लपतात. म्हणून वाळेपर्यंत थांबलो, तेव्हा केबिनच्या दाराखाली बोटभर ओरखडा दिसला. ताबा शक्यतो दिवसाउजेडीच घ्या.

खरं भांडण झालं टायरवरून. टायरच्या कडेवर एक कोड असतो, त्याचे शेवटचे 4 आकडे टायर कधी बनला ते सांगतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3524 म्हणजे 2024 चा 35वा आठवडा. हा पूर्ण कोड बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. मागच्या जोडचाकातल्या आतल्या टायरचा नेमका आतल्या बाजूला निघाला. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. बाकीचे टायर एकाच सुमाराचे आणि हा एकटाच दीडएक वर्षाने म्हातारा! "नक्षी बघा की साहेब, कोराच आहे." असेल, पण मी सगळ्या टायरचे पैसे नव्याचे मोजलेत. सही अजून माझ्याच खिशात होती, म्हणून टायर बदलला. ओरखड्याचं त्याच कागदावर लिहून घेतलं, त्यांची सही आणि शिक्का आधी, माझी नंतर.

हो, चासी नंबर राहिलाच. तो कागदावरून नाही, चासीवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरून वाचा आणि एकेक अक्षर जुळवा. 17 अक्षरं-आकडे असतात. त्यांत आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण 1 आणि 0 शी घोळ होतो. कागदावर ओ दिसला तर टायपिंगची चूक आहे, तिथेच दुरुस्त करून घ्या.

एअर ब्रेक असतील तर टाक्या पूर्ण भरू द्या, चाकांना उटी लावा, इंजिन बंद करा आणि ब्रेकचं पेडल दाबून धरा. हवेच्या दाबाचा काटा सुरुवातीला थोडा उतरतो, मग स्थिर राहायला हवा. उतरतच राहिला तर कुठेतरी हवा गळतेय. "नवीन आहे, बसेल हळूहळू," असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. स्टेपनी, जॅक, पाने मोजून घ्या, हे तर सगळेच सांगतात.

आणि चाक खोललं असेल तर पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) आवळा. माझे दोन हलले होते.