सात वर्षं मातीत, दोन वर्षं पिंपात

आमच्या घरी अन्येहो, म्हणजे किमान वर्षभर पिंपात मुरवलेली टकीला, उघडली की मीठ-लिंबाची बशी टेबलावर येत नाही. बर्फ नाही, सोडा नाही आणि एका दमात रिकामा करायचा तो छोटा ग्लास तर नाहीच. पाहुण्यांना हे सांगताना मला संकोच वाटत नाही. नोकरीनिमित्त मेक्सिकोत ग्वादलाहाराला राहायला आल्यापासून ही दारू तयार व्हायला किती वेळ लागतो ते मी जवळून बघतेय, आणि एवढा वेळ दोन सेकंदांत घशाखाली ढकललेला मला बघवत नाही.

माझे दीर सिंगल माल्टचे शौकीन. ते इथे आले तेव्हा मी त्यांच्यापुढे एल तेसोरो या ब्रँडची अन्येहो ठेवली. दोन ते तीन वर्षं पिंपात ठेवलेली. त्यांनी लेबल वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, दोन-तीनच वर्षं? आमची स्कॉच बारा वर्षांची असते."

"भाऊजी, बार्ली शेतात किती महिने असते?" मी विचारलं. "आणि हे अगावे?"

टकीला ज्यापासून होते ते निळं अगावे, म्हणजे जाड, काटेरी पानांची घायपातीसारखी वनस्पती. ते पक्व व्हायला साधारण सहा-सात वर्षं लागतात, कधी आठही. तेवढी वर्षं ते उन्हापावसात उभं असतं आणि मग एकदाच तोडलं जातं. त्याच रोपाचं दुसरं पीक नाही. बुंध्यापाशी फुटलेली पिल्लं काढून नवी लागण करायची आणि पुन्हा तेवढीच वर्षं वाट बघायची. फुलाचा दांडा वर यायला लागला की तो छाटून टाकतात, नाहीतर साठवलेली सगळी साखर फुलोऱ्यात जाते. म्हणजे बाटलीवर पिंपाची दोन वर्षं लिहिलेली असली तरी दारूचं खरं वय त्याच्या कितीतरी आधी, शेतात सुरू झालेलं असतं. टकीलाचं वय व्हिस्कीच्या मापाने मोजू नये असं मी म्हणते ते एवढ्यासाठी.

एल तेसोरो जिथे होते ती ला आल्तेन्या ही दारूची भट्टी ग्वादलाहारापासून दोनेक तासांवर, अरांदास गावाजवळ आहे. १९३७ साली डॉन फेलिपे कामारेना यांनी ती उभी केली. हा लोस आल्तोसचा भाग, म्हणजे हालिस्को राज्याचा उंचावरचा पट्टा, समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटर. माती विटकरी लाल आणि त्या लालवर निळसर-करड्या अगावेच्या रांगा. हिमादोर, म्हणजे अगावे तोडणारा माणूस, लांब दांड्याला गोल पातं लावलेली कोआ चालवतो. पातं इतकं धारदार की पानं सपासप खाली पडतात आणि मधला गड्डा, ज्याला इथे पिन्या म्हणतात, उघडा होतो. पानं किती बुडाशी कापायची यावर पुढची चव ठरते. पानांचा हिरवा भाग जास्त राहिला तर कडसरपणा उतरतो.

कच्च्या पिन्यातली साखर इन्युलिनच्या रूपात बांधलेली असते, यीस्टला ती तशी पचत नाही. म्हणून विटांच्या भट्टीत दोनेक दिवस वाफेवर शिजवायचं. भट्टीचं दार उघडलं तेव्हा जो वास आला तो थेट आमच्या कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीवर काकवी होत आलेली असते तसा. शिजलेल्या पिन्याचा एक तुकडा हातावर दिला. तपकिरी, ओलसर, बोटांना चिकटणारा. चावला की आधी गोड, मग मातकट, शेवटी किंचित तिखट. रस चोखून चोथा टाकला तरी जिभेवर बराच वेळ गोडी राहिली. ही चव मी लक्षात ठेवली आहे, कारण चांगल्या अन्येहोत मी सगळ्यात आधी तीच शोधते.

पुढे तो शिजलेला गड्डा ताओनाखाली, म्हणजे खड्ड्यात गोल फिरणाऱ्या भल्यामोठ्या दगडी चाकाखाली चिरडतात. पूर्वी खेचर ओढायचं, आता ट्रॅक्टर. काम संथ आहे, बहुतेक कारखान्यांनी ते कधीच सोडून दिलं. इथे चोथ्यासकट लाकडी पिंपांत आंबवतात, तांब्याच्या भांड्यांत दोनदा उतरवतात आणि दुसऱ्या वेळी नेमक्या तीव्रतेवर थांबतात, म्हणजे वरून पाणी घालावं लागत नाही. मग ती बर्बन या अमेरिकन व्हिस्कीसाठी आधी वापरलेल्या, ओकच्या लाकडाच्या पिंपांत जाते.

कायद्याचं थोडं सांगते, बाटली घेताना उपयोगी पडतं. ब्लांको न मुरवलेली किंवा फार तर दोन महिने ठेवलेली, रेपोसादो किमान दोन महिने, अन्येहो किमान एक वर्ष आणि तीही ६०० लिटरपर्यंतच्याच पिंपात. तीन वर्षांपुढची एक्स्ट्रा अन्येहो, हा वर्ग २००६ मध्ये आला. लेबलवर '१०० टक्के अगावे' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ४९ टक्क्यांपर्यंत साखर दुसरीकडची असू शकते. शिवाय प्रत्येक बाटलीवर नोम आणि पुढे चार आकडे असतात, तो कारखान्याचा क्रमांक. ला आल्तेन्याचा ११३९. बाटलीचा आकार, बूच, खोका यांपेक्षा हे चार आकडे जास्त सांगतात.

आणि हे मला मनापासून सांगायचंय: जुनी तेवढी चांगली हा हिशेब इथे धरू नका. हालिस्कोची हवा स्कॉटलंडपेक्षा उष्ण आणि कोरडी, त्यामुळे पिंपातून उडून जाणारा भागही जास्त आणि लाकडाची चवही लवकर चढते. पाच वर्षांच्या कितीतरी एक्स्ट्रा अन्येहो मी चाखल्या आहेत ज्यांत अगावे हरवलेलं होतं, नुसती व्हॅनिला आणि ओक. शिवाय एक टक्क्यापर्यंत कॅरामेल, ग्लिसरीन, ओकचा अर्क, साखरेचा पाक घालायला नियमाने मुभा आहे आणि तसं लेबलवर लिहिण्याची सक्ती नाही. केकच्या आयसिंगसारखा वास आला की मी बाटली परत ठेवते, किंमत काहीही असो.

आता प्यायचं कसं. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या, व्हाइट वाइनचा छोटा ग्लास उत्तम. ३० मिली ओता आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. घरातलंच तापमान हवं, फ्रीज अजिबात नको, थंडीत वास मिटतो. मग ग्लास आडवा धरून वरच्या कडेपाशी हुंगा, तोंड किंचित उघडं ठेवून, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. नंतर खालच्या कडेपाशी. दोन्हीकडे वास वेगळा येतो. एल तेसोरोत मला वर संत्र्याची साल आणि व्हॅनिला लागते. ही व्हॅनिला जळवलेल्या ओकच्या लाकडातल्या लिग्निन या घटकातून येते. खाली येतं ते शिजलेलं अगावे आणि मागून काळी मिरी.

पहिला घोट अगदी थेंबभर, तोंड तयार करण्यापुरता. त्यावरून मत बनवू नका. दुसरा जिभेवर फिरवून गिळा आणि लगेच नाकाने श्वास सोडा. सगळी मजा त्या श्वासात आहे. संपलेला ग्लास तसाच राहू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगला तर अल्कोहोल उडालेलं असतं आणि अगावे उरलेलं असतं. लाकडाने ते झाकलं होतं की नाही, हे तेव्हा लख्ख कळतं.

सोबत काय? सांग्रिता हे संत्रं आणि मिरचीचं आंबट-तिखट पेय ब्लांकोसोबत फार छान, पण अन्येहोला ते दाबून टाकतं. ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट चालतं. इथल्या कांतिनांमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यांत, लसूण आणि सुक्या मिरचीत परतलेले शेंगदाणे देतात. भाऊजींना ते इतके आवडले की त्यांच्याचसाठी मी घरी करायला शिकले. मीठ मात्र बेताचंच.

भारतातून मैत्रिणी विचारतात, तिकडे काय घेऊ? आयात बाटल्यांवरचा कर बघता विमानतळावर घेणं परवडतं. पण बांधावर आणि रेल्वेच्या कडेला दिसणारी आपली घायपातही अगावेच आहे, जात वेगळी. त्याच दख्खनी अगावेपासून डेस्मंड नाझरेथ यांनी आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात दारू उतरवायला सुरुवात केली. ती 'डेस्मंडजी' या नावाने गोव्यात मिळते. तिला टकीला म्हणता येत नाही, ते नाव मेक्सिकोतल्या पाच राज्यांपुरतं राखीव आहे. पण दख्खनच्या मातीचा तिचा स्वतःचा तिखट, रानवट बाज आहे आणि कुठलीही महागडी अन्येहो उघडण्याआधी ती एकदा नीट, सावकाश चाखावी असं मला वाटतं.

बाटली नेहमी उभी ठेवा. आडवी ठेवली तर अल्कोहोल बुचाला खातं आणि चव बिघडते. निम्म्याच्या खाली आली की आत हवा वाढते, तेव्हा काही महिन्यांत संपवा किंवा लहान बाटलीत काढून ठेवा. आणि चांगली अन्येहो 'खास दिवसासाठी' म्हणून वर्षानुवर्षं कपाटात अडकवू नका. काचेत ती मुरत नाही.